तळ उठलाच नाही : रेल्वेने जन्माला घातलेलं नैरोबी

बडोद्यात असाल, इंदूरमध्ये, बंगळुरूत, हैदराबादला किंवा कोलकात्यात, आज थोडा वेळ माझ्याबरोबर अरबी समुद्राच्या पलीकडे चला. आजचा विषय आहे नैरोबी. केनियाची राजधानी. २०१९ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ४४ लाख लोकांचं शहर. एकशेतीस वर्षांपूर्वी तिथे शहर सोडा, मोठं गावसुद्धा नव्हतं. मसाई लोकांची गुरं पाणी प्यायला येत, एवढीच त्या जागेची ओळख. मसाई भाषेत त्या प्रवाहाला म्हणत 'एन्कारे न्यिरोबी', म्हणजे थंड पाणी. त्यावरून पुढे शहराचं नाव पडलं.

मी कोण, हे दोन वाक्यांत सांगतो. मी सैन्यात आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. जवानांना धान्य, इंधन, गाड्या आणि डोंगरात खेचरं पुरवणारं हे खातं. १९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर आपली एक ब्रिगेड सोमालियात होती, तेव्हा कामासाठी नैरोबीला जाणं झालं. निवृत्तीनंतर दोनदा मुद्दाम गेलो. इतिहासाचा मी प्राध्यापक नाही. पण तळ कसा टाकतात, जागा कशी निवडतात आणि तळावर कोणाला कुठे बसवतात, हे मला कळतं. नैरोबी समजून घ्यायला तेवढं पुरतं, कारण नैरोबी मुळात एक तळच होता. फरक इतकाच, की तो कधी उठला नाही.

सुरुवात मोम्बासापासून करू. १८९६ साली ब्रिटिशांनी मोम्बासा बंदरातून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली. नाव 'युगांडा रेल्वे', पण जवळजवळ सगळी लाइन आजच्या केनियात. हेतू व्यापारापेक्षा लष्करी जास्त. नाईलचा उगम ज्याच्या हातात, त्याच्या हातात इजिप्त, असा त्या काळचा हिशेब होता, आणि शेजारच्या टांगानिकात जर्मन बसले होते. म्हणजे मधला साडेनऊशे किलोमीटरचा मुलूख त्यांच्या दृष्टीने फक्त ओलांडायचा होता.

रूळ एक मीटर रुंदीचे, म्हणजे आपला मीटरगेज. इंजिनं, डबे, कारकून, कारागीर, मजूर, अगदी पगाराचा रुपयासुद्धा भारतातून गेला. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया चालत होता आणि इंडियन पिनल कोडही तिथे लागू होतं. बांधकामाच्या काळात सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेले गेले, बहुतेक पंजाबातून, कराचीच्या बंदरातून. त्यांपैकी सुमारे अडीच हजार मेले. लाइन ५८२ मैलांची. भागाकार करून पाहा, मैलामागे चार माणसं येतात.

त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १८९८ मध्ये दोन सिंहांनी पुलाचं काम बंद पाडलं, शेवटी पॅटर्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ते मारले. त्यावर पुस्तकं निघाली, चित्रपट निघाले. ते सिंह पेंढा भरून आज शिकागोच्या संग्रहालयात उभे आहेत. पण अडीच हजारांतले बहुसंख्य सिंहाने मारले नव्हते. हिवताप, आमांश, जखमा चिघळणं आणि अपघात यांनी मारले होते. रसदीच्या माणसाला याचं नवल वाटत नाही. मोहिमेत शत्रूपेक्षा खराब पाणी जास्त माणसं नेतं.

३० मे १८९९. रूळ मोम्बासापासून ३२७ व्या मैलावर पोचले. ही जागा का निवडली? आपल्याकडच्या घाटांचा विचार करा. कर्जतला गाडी का थांबते? कारण पुढे खंडाळ्याचा घाट आहे, जादा इंजिन लावायचं आहे. नैरोबीचं तसंच आहे. मोम्बासाकडून येताना ही शेवटची ऐसपैस सपाट जागा. पुढे लाइन डोंगर चढते आणि मग रिफ्ट व्हॅलीच्या प्रचंड खोल दरीत उतरते. त्या उतारावर सुरुवातीला डबे दोरखंडांनी खाली सोडावे लागत. इतकं काम पुढे असताना मागे मोठा डेपो हवाच. पाणी आहे, यार्डाला सपाट जमीन आहे, हवा थंड आहे. रूळ येण्याआधीच रॉयल इंजिनिअर्सच्या सार्जंट एलिसने तिथे बैल आणि खेचरं ठेवायचा छोटा तळ केला होता. आमच्या खात्याचा माणूसही तीच जागा निवडता. जनावरांसाठी उत्तम.

माणसांनी कायम राहायला मात्र ती जागा वाईट. रेल्वेने निवडलेला सपाट भाग दलदलीचा आणि काळ्या मातीचा. काळी माती म्हणजे काय, हे विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. कपाशीला सोनं, घराच्या पायाला वैरी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी मुरू देत नाही. पश्चिमेला मात्र चढ सुरू होतो. तिथे तांबडी माती, निचरा चांगला, झाडी, वारा.

आता तळाची आखणी पाहा. रेल्वेने आपलं मुख्यालय मोम्बासाहून इथे आणलं. स्टेशन, यार्ड, वर्कशॉप मध्यभागी सपाटीवर. युरोपियन अधिकाऱ्यांचे बंगले पश्चिमेच्या टेकडीवर, तांबड्या मातीत. त्या भागाला लोक नुसतं 'द हिल' म्हणत. स्टेशनजवळ हिंदी बाजार. यार्डाच्या पूर्वेला, काळ्या मातीत, मजुरांच्या बराकी. त्या बराकींना 'लँडी' म्हणत, आणि 'लँडीज रोड' नावाचा रस्ता आजही आहे. छावणीच्या गावात वाढलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. साहेबांचे बंगले, बाबूंची क्वार्टर्स, सदर बाजार, मागे लाइनी. भुसावळला, खरगपूरला, महूला हीच रचना थोड्याफार फरकाने सापडते.

या आखणीत एका माणसाला जागाच नव्हती. ज्याची जमीन होती त्याला. मसाई गुराखी आणि किकुयू शेतकरी हे तळाच्या हिशेबात नव्हतेच.

डॉक्टरांनी जागेबद्दल लवकरच तक्रार सुरू केली. १९०२ मध्ये हिंदी बाजारात प्लेग झाला आणि तो बाजार जाळण्यात आला. शहर दुसरीकडे हलवा, असे प्रस्ताव आले. १९०७ मध्ये विन्स्टन चर्चिल वसाहत खात्याचे उपमंत्री म्हणून आले होते. त्यांच्या प्रवासवर्णनातही हाच निष्कर्ष आहे की जागा चुकीची आहे, पण आता बदलायला उशीर झाला. फार तर आठ वर्षं झाली होती! तेवढ्यात उशीर झाला, कारण यार्ड, गोदामं, कचेऱ्या यांत पैसा अडकला होता. तात्पुरतं म्हणून जे बांधतो, तेच सगळ्यांत जास्त टिकतं, हा अनुभव आम्हा फौजी लोकांना नवा नाही.

आता शहर वाढलं कसं, ते पाहू. रेल्वेवर ब्रिटिश करदात्यांचे सुमारे ५५ लाख पौंड खर्च झाले. डिसेंबर १९०१ मध्ये रूळ सरोवराला पोचले, आणि मग प्रश्न आला, या गाडीत भरायचं काय? मालच नव्हता. रेल्वे फायद्यात आणायची तर लाइनच्या दोन्ही बाजूंना निर्यातीचं पीक हवं. म्हणून गोऱ्या शेतकऱ्यांना बोलावून उंचावरच्या जमिनी देण्यात आल्या. १९०४ च्या करारानंतर मसाईंना रिफ्ट व्हॅलीतून, रेल्वेच्या वाटेतून, बाजूला सारलं गेलं. किकुयूंच्या जमिनी गेल्या. झोपड्यांवर कर बसला, आणि तो भरायला रोख पैसे लागत म्हणून पुरुष मजुरीला निघाले, काही मळ्यांवर, काही नैरोबीला. १९०५ मध्ये राजधानी मोम्बासाहून इथे आली. १९०६ मध्ये वस्ती होती साडेअकरा हजार. म्हणजे आधी रेल्वे, मग रेल्वेचा खर्च भरून काढायला मळे, मळ्यांना मजूर, आणि या सगळ्यावर राज्य करायला राजधानी. शहर असं उलट्या क्रमाने घडलं.

आफ्रिकन माणूस शहरात हवा होता तो कामापुरता. राहायला नको होता. १९२० च्या सुमारास 'किपांडे' आलं. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला बोटांचे ठसे आणि नोकरीची नोंद असलेला कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावा लागे. पूर्वेला पुमवानी ही त्यांची ठरवून दिलेली वस्ती. सरकारी आणि रेल्वेच्या खोल्या बांधल्या गेल्या त्या एकट्या पुरुषांसाठी, बायकामुलं गावी राहणार असं धरून. पहिल्या महायुद्धात सैन्याचं ओझं वाहायला हजारो आफ्रिकन हमाल भरती केले, त्यांची पलटण म्हणजे 'कॅरियर कोअर'. त्यांचा तळ जिथे होता, त्या भागाला आजही 'कारिओकोर' म्हणतात. त्यांतले हजारो परत आले नाहीत. एका बाजाराच्या नावात त्यांची आठवण उरली आहे, आणि रोज तिथे खरेदी करणाऱ्या कित्येकांना ते नाव कुठून आलं याची कल्पनाही नसते.

आता किबेरा. ही वस्ती तुम्ही बातम्यांत पाहिली असेल, पत्र्यांचा समुद्र आणि मधून जाणारी रेल्वे. या वस्तीची मुळं सैन्यात आहेत, म्हणून मला ती जास्त लागते. ब्रिटिशांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स या पलटणीत सुदानी वंशाचे, न्युबी सैनिक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना नैरोबीजवळच्या जंगलात राहायला जागा दिली. त्यांच्या भाषेत जंगल म्हणजे 'किब्रा'. जागा दिली, पण कागद दिला नाही. परेडच्या मैदानावर शाबासकी आणि सातबारा कोरा, असं म्हणा. त्यांची नातवंडं, पणतवंडं तिथे वाढली, बाहेरचे लाखभर लोक येऊन राहिले, आणि कायद्याच्या दृष्टीने सगळेच सरकारी जमिनीवरचे उपरे. शेवटी २०१७ मध्ये न्युबी समाजाला २८८ एकरांचा सामुदायिक मालकीपट्टा मिळाला. शंभराहून अधिक वर्षांनी. निवृत्तीनंतर एका कागदासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारे जवान मी आपल्याकडे पाहिले आहेत. किबेरात उभं राहिल्यावर मला त्यांची आठवण झाली.

आता आपल्या लोकांकडे वळू. 'नैरोबी आपण बांधली', हे वाक्य मी तिथल्या अनेक भारतीयांकडून ऐकलं आहे. त्यात सत्य आहे, पण अर्धं. पहिली गोष्ट, त्या ३२ हजार मजुरांपैकी बहुतेक परत गेले. मागे राहिले ते सुमारे पावणेसात हजार. पूर्व आफ्रिकेतला भारतीय समाज मुख्यतः नंतर आपल्या पैशाने आलेल्या गुजराती, कच्छी, पंजाबी आणि गोवेकरांचा. दुकानदार, कंत्राटदार, कारागीर, कारकून. दुसरी गोष्ट, तळाच्या आखणीत आपण मधल्या पायरीवर होतो. टेकडीवर घर घ्यायची आणि गोऱ्यांच्या उंचावरच्या मुलखात शेती घ्यायची आपल्याला बंदी होती. पण किपांडेही आपल्या गळ्यात नव्हतं. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरच्याचा राग येतो आणि खालच्याची भीती वाटते. सगळ्यांनी तसं वागलं नाही, आणि त्यांची नावं सांगायला हवीत.

कराचीचे बोहरी अलिभाई मुल्ला जीवनजी यांनी रेल्वेला मजूर आणि सामान पुरवलं, बाजार बांधला, वर्तमानपत्र काढलं आणि १९०६ मध्ये शहराला एक बाग दिली. जीवनजी गार्डन्स. नैरोबीच्या मध्यभागी सामान्य माणूस फुकट बसू शकेल अशा मोजक्या जागांपैकी ती एक. १९९१ मध्ये तिथे बहुमजली वाहनतळ उभारायचा घाट घातला गेला, तेव्हा जीवनजींची नात झरीना पटेल आणि पुढे नोबेल मिळवणाऱ्या वांगारी माथाई यांनी लोक उभे करून ती वाचवली.

१९२२ मध्ये किपांडे आणि करांविरुद्ध बोलणाऱ्या हॅरी थुकू या तरुणाला अटक झाली. त्याला छापखान्याची आणि सल्ल्याची मदत करणारे होते मणिलाल देसाई. १६ मार्चला थुकूच्या सुटकेसाठी जमलेल्या गर्दीवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं गेली. १९५० मध्ये कालोलेनीच्या सभागृहात पूर्व आफ्रिकेला संपूर्ण स्वातंत्र्य हवं, अशी जाहीर मागणी केली ती कामगार पुढारी माखनसिंग यांनी. त्याबद्दल त्यांनी अकरा वर्षं स्थानबद्धता भोगली.

आणि पियो गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेले गोवेकर. शिक्षण गोव्यात आणि धारवाडला, काही काळ मुंबईत काम, गोवामुक्तीच्या चळवळीत भाग. १९४९ मध्ये केनियाला परतले आणि तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढले. ब्रिटिशांनी त्यांना कैदेत ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते जमिनीच्या प्रश्नावर बोलत राहिले, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत घरासमोर त्यांचा गोळ्या घालून खून झाला. वय ३७. त्यांचे स्नेही जोसेफ मुरुंबी, वडील गोवेकर, आई मसाई, शाळा बंगळुरूची, पुढच्याच वर्षी केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि थोड्याच महिन्यांत पद सोडून बाजूला झाले. दोघेही नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये विसावले आहेत.

मधल्या एका घटनेबद्दल फौजी माणूस म्हणून बोलणं मला भाग आहे. २४ एप्रिल १९५४, 'ऑपरेशन अ‍ॅनव्हिल'. माउ माउ उठावाच्या काळात ब्रिटिश सैन्य आणि पोलिसांनी अख्ख्या नैरोबीला वेढा घातला आणि वस्त्यांमागून वस्त्या झडल्या. वीस हजारांहून अधिक लोक, मुख्यतः किकुयू, छावण्यांत पाठवले. वेढा घालून झडती घेणं काय असतं, हे मी जाणतो. लाखाच्या वर वस्तीच्या शहरात ते इतक्या झटपट जमलं, कारण शहर मुळातच वंशावार वेगळं मांडलेलं होतं. कोण कुठे राहतो हे शोधावं लागलं नाही. छावणीसारखं आखलेलं शहर छावणीसारखं बंदही करता येतं.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. वंशाचे नियम गेले, पण उतार आणि माती तीच राहिली. टेकडीवरच्या घरात राहायला आता कातडीचा रंग आड येत नाही, जमिनीचा भाव येतो. १९६९ ला पाच लाख, २०१९ ला ४४ लाख. वाढलेली बहुतेक माणसं पूर्वेला, नदीकाठांवर, काळ्या मातीत राहिली. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत अतिवृष्टी झाली, तेव्हा माथारेसारख्या नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि नंतर काठावरची घरं पाडण्यात आली. बातमी नवी होती. कारण १८९९ चं होतं.

तरीही हे शहर रडगाणं गात बसलेलं नाही. ज्यांना आखणीत जागा नव्हती, त्यांनीच आजचं नैरोबी घडवलं. पूर्वेच्या वस्त्यांत स्वाहिली, इंग्रजी, किकुयू, लुओ यांच्या मिश्रणातून 'शेंग' ही बोली जन्मली, आज ती रेडिओवर आणि जाहिरातीत आहे. शहराने बस दिली नाही तेव्हा लोकांनी 'मतातू' काढल्या, भडक रंगांच्या, मोठ्याने गाणी वाजवणाऱ्या खासगी गाड्या. जुनं भाडं तीस सेंट, स्वाहिलीत 'ताटू' म्हणजे तीन, त्यावरून नाव. रिव्हर रोडच्या छोट्या स्टुडिओंतून बेंगा संगीताच्या तबकड्या निघाल्या. २००७ मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची 'एम-पेसा' सेवा सुरू झाली, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. त्यातला 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. रुपया शंभर वर्षांपूर्वी गेला, शब्द राहिला. तसेच गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', आणि चपाती तर आता केनियाच्याच घरातली झाली आहे.

२०१७ मध्ये मोम्बासा ते नैरोबी नवी रुंद रेल्वे सुरू झाली, मुख्यतः चिनी कर्जावर, चिनी कंपनीने बांधलेली. पहिल्या रेल्वेचा खर्च लंडनने उचलला होता, या रेल्वेचं कर्ज केनियाचा माणूस फेडतो आहे. नवं स्टेशन शहराबाहेर स्योकिमाउला आहे. जुनं स्टेशन मध्यभागी अजून उभं आहे, आणि कामगारांच्या लोकल तिथे येतात.

आपल्यातले बरेच जण सफारीसाठी केनियाला जातात आणि नैरोबीत फक्त एक रात्र काढतात. माझी विनंती आहे, अर्धा दिवस जास्त ठेवा. रेल्वे संग्रहालय पाहा. जीवनजी बागेत बसा. कारिओकोरच्या बाजारात फिरा. सिटी पार्कमध्ये पिंटो आणि मुरुंबी यांना दोन फुलं वाहा.

आणि ज्यांना जाणं जमणार नाही, त्यांनी आपलंच गाव पाहावं. आपल्यातले कितीतरी जण रेल्वे किंवा छावणीच्या गावात राहतो. त्या गावाचा जुना नकाशा मिळवा. बंगले कुठल्या बाजूला, बाजार कुठे, आणि कामाला येणाऱ्यांची वस्ती नाल्याच्या कोणत्या काठाला, एवढं बघा. मग यंदाच्या पावसात पाणी कुठे शिरलं, ते बघा. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, की पुढच्या वेळी नगरपालिकेत काय विचारायचं, ते तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.

जय हिंद.